जेवण साडेचार स्टार, पण टेबलावरच्या उलट्या ग्लासांचं काय करायचं

आधीच सांगते, हॉटेलचं नाव लिहिणार नाहीये, मालक नवऱ्याच्या शाळेतला आहे आणि पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे लग्नाला जायचंय. पुणे-नाशिक रोडवरचं आहे, दारात बैलगाडीचं चाक, झाडांना लायटिंगच्या माळा, मोठ्या बोर्डावर "फॅमिली गार्डन रेस्टॉरंट" आणि खाली तेवढ्याच मोठ्या अक्षरात "परमिट रूम". या रोडवर असली बरीच हॉटेलं आहेत, त्यातलं कुठलंही समजा.

तर जेवण. मटण थाळी घ्याच. तांबडा रस्सा झणझणीत पण घसा जाळत नाही, पांढरा रस्सा पातळ वाटला पण चवीला मस्त, सुकं मटण मऊ शिजलेलं. भाकरी समोर थापतात, गरम येते, एक्स्ट्रा मागितली तर तोंड वाकडं करत नाहीत. व्हेजवाल्यांसाठी शेवभाजी बरी, पनीरच्या वाटेला जाऊ नका. मसाला ताक मात्र फर्स्ट क्लास, मी दोन प्यायले. आईने सोलकढी मागवली होती ती जरा गोड निघाली, आई घरी येईपर्यंत त्यावरच बोलत होती.

आता जे लिहायला बसले ते. आम्ही गेलो होतो आषाढातल्या शेवटच्या रविवारी, श्रावण लागायच्या आधी एकदा मटण झालं पाहिजे हा आईचा नियम. मी, नवरा, माझा नऊ वर्षांचा मुलगा, आई, दादा, वहिनी आणि भाचा. दादाची दारू सुटून आता पाचवं वर्ष चालूये. येरवड्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला, त्यानंतर एएच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगा, अजूनही आठवड्यातून दोनदा जातो. हे मी इथे लिहू का म्हणून त्याला विचारलं तर म्हणाला, "लिही की, मी प्यायचो तेव्हा कुठं लपवून प्यायचो."

तो सोबत असल्यामुळे मला त्या दिवशी हॉटेल वेगळंच दिसलं. म्हणजे याआधी तीन-चार वेळा आलेय, काहीच खटकलं नव्हतं.

सुरुवात घरापासूनच झाली खरं तर. हॉटेलची जाहिरात आम्हाला मिळाली फॅमिली ग्रुपवर, "आखाड धमाका, बियरवर बियर फ्री", आणि त्याच्या वर-खाली गटारीचे जोक्स, गटारात पडलेला माणूस, नवऱ्याला लाटण्याने मारणारी बायको, तेच ते दरवर्षीचे. ती अमावस्या म्हणजे दिव्यांची अमावस्या पण असते ना, आई आदल्या दिवशी सगळे दिवे, समया चिंच लावून घासते, कणकेचे गोड दिवे करते. आता माझ्या मुलाला विचारा, त्याला "गटारी" शब्द माहितीये, दीप अमावस्या मी सांगितल्यावर कळली. आणि हो, मागच्या वर्षी तसलाच एक जोक मी स्वतः ग्रुपवर टाकला होता, ज्या ग्रुपवर दादा आहे. त्याने हसायची इमोजी पण टाकली होती. तेव्हा मला काहीच वाटलं नाही, आता लिहिताना वाटतंय.

गाडीतून जाताना मुलगा बोर्ड वाचत होता, नवीन नवीन मोठी वाक्यं वाचायला येतात तर सगळंच मोठ्याने वाचतो. "बियर शॉपी." "वाईन्स." "सरकारमान्य देशी दारूचे दुकान." मग प्रश्न, "आई सरकारमान्य म्हणजे काय?" मी म्हटलं सरकारने परवानगी दिलेलं. "मग चांगलंय का ते?" नवऱ्याने रेडिओचा आवाज वाढवला. मुलाच्या शाळेच्या बोर्डावर पण शासनमान्य लिहिलंय हो, त्याने ते पण लगेच सांगितलं. काय उत्तर देणार, सांगा.

परमिट रूमचं पण तसंच. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, म्हणजे कायद्याने बघायला गेलं तर महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो, एक दिवसाचा विदेशीला पाच रुपये, देशीला दोन रुपये, आणि वय बियरला २१ आणि कडक दारूला २५. शेजारच्या टेबलावर जी पोरं होती त्यातली दोन तर कॉलेजची वाटत होती. परमिट सोडा, वय पण कोणी विचारलं नाही.

आत गेल्यावर टेबल मोठं मिळालं, छान, झाडाखाली, पाऊस थांबलेला. टेबलावर आधीपासून सहा मोठे काचेचे ग्लास उलटे मांडलेले, बियरचे जाड ग्लास. ताटं नाहीत, वाट्या नाहीत, ग्लास. वेटर आला, पाण्याचं पण विचारलं नाही, पहिला प्रश्न, "सर, ड्रिंक्समध्ये काय घेणार?" तो पण फक्त नवऱ्याला आणि दादाला. (मला विचारलं नाही यात आनंद मानायचा की राग धरायचा ते अजून ठरलेलं नाही, कारण मी कधीतरी वाईन घेते.) दादा म्हणाला काही नको. वेटर म्हणाला "सर, आज ऑफर आहे." दादा परत नको म्हणाला. "बियर तरी, सर." हे "तरी" मला फार लागलं. वेटर पोरगा वाईट नव्हता, त्याला तसं शिकवलं असणार, बारच्या ऑर्डरवर त्याचं काय ते ठरत असेल, पण एका माणसाला बसल्या बसल्या दोन मिनिटांत तीनदा नाही म्हणायला लागलं आणि ते सुद्धा आई-बायको-पोरासमोर.

मेनूकार्ड उघडलं तर पहिली दहा-बारा पानं व्हिस्की, रम, व्होडका, बियर, मग मॉकटेल, मग "स्टार्टर्स" म्हणजे खरं तर चकणाच, चिकन चिली, मसाला पापड, शेंगदाणा मसाला, आणि थाळ्या अगदी शेवटी, लॅमिनेशन निघालेल्या पानावर. जेवायला आलेल्या माणसाला जेवणापर्यंत पोचायला एवढी पानं उलटायला लागतात. शेंगदाणे आणि काकडी बार घेणाऱ्या टेबलांना फ्री, आम्हाला मागितल्यावर चार्ज लावला. फ्रेश लाईम सोडा १४० रुपये, व्हर्जिन मोहितो १९०, आणि ऑफरमध्ये बियर हिशोब केला तर त्याच्या आसपासच पडत होती. न पिणाऱ्याने सोडा कशाला घ्यावा मग.

मुलाने व्हर्जिन मोहितो मागवला, त्याला ते नाव आवडतं. आला तो त्याच मोठ्या ग्लासात, पुदिना, बर्फ, कागदी छत्री, आणि वेटर वाकून म्हणतो, "घ्या छोटे सर, तुमचा पेग." सगळे हसले. मी पण हसले. मुलाने ग्लास वर केला आणि "चिअर्स" म्हणाला, भाच्याने त्याच्या कोल्ड्रिंकचा ग्लास आपटला, आईने सुद्धा सोलकढीची वाटी पुढे केली. फोटो पण काढला, आहे फोनमध्ये. दादा हसत होता, पण ग्लासातला बर्फ खळखळला तेव्हा त्याने एकदम मान वळवली. नंतर मी विचारलं तर म्हणाला, "बाटली बघून काही होत नाही गं मला. वास पण आता नकोसा वाटतो. बर्फाचा आवाज मात्र अजून पोटात जातो."

मुक्तांगणमध्ये त्यांना हेच शिकवलं होतं म्हणे, की कुठल्या गोष्टीने तुमची तलफ चाळवते ते ओळखा, आवाज असेल, रस्ता असेल, पगाराची तारीख असेल. आणि एएमध्ये सांगतात उपाशी राहू नका, चिडू नका, एकटे पडू नका, दमू नका. दादा म्हणाला म्हणूनच मी हॉटेलात आलो की आधी भाकरी मागवतो. मला इतकी वर्षं वाटायचं याला भूकच फार.

आमच्या मागच्या टेबलावर एका कंपनीचा ग्रुप होता, चाकणच्या बाजूचा असावा, दहा-बारा जण, साहेब मध्ये बसलेले. त्यात एक नवीन पोरगा, त्याने नाही म्हटलं. मग सुरू, "अरे बियर म्हणजे दारू थोडीच", "मंगळवार आहे का तुझा, आज रविवार आहे", "बायकोने परमिशन नाही दिली का", साहेब म्हणाले "टीममध्ये बसायचं तर बसायला शिकलं पाहिजे." शेवटी तो म्हणाला, अँटिबायोटिक चालूयेत. तेव्हा कुठे सोडलं त्याला. दादा माझ्याकडे वाकून म्हणाला, "मी पण पहिलं वर्षभर हेच सांगत होतो. लोक म्हणायला लागले, केवढा मोठा कोर्स आहे रे तुझा."

ते "बसणं" बघा. आपल्या भाषेत दारू पिणं याला दारू पिणं कोणी म्हणतच नाही. बसू या, बैठक आहे, घेतोस का, दोन-दोन घोट, नाईंटी मारू. शब्दात दारू कुठेच नाही. २०२२ मध्ये सरकारने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं तेव्हा वाईन म्हणजे दारू नाही असं एक मोठे नेते म्हणाले होते आणि त्यावर केवढी भांडणं झाली टीव्हीवर, आठवत असेल. मला तेव्हा वाटलं होतं काय फरक पडतो, शब्दच तर आहे. पण वेटरने "बियर तरी" म्हटलं ते त्याच शाळेतलं ना. देशीच्या दुकानात जाणाऱ्याला बेवडा म्हणायचं आणि इथे माळा लावून तीच गोष्ट मोठ्या ग्लासात प्यायली की "एंजॉय". आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनकाकांवर सोसायटीत मीटिंग झाली होती पितात म्हणून, आणि ती मीटिंग संपल्यावर कमिटीचे चार जण कुठे गेले ते सगळ्यांना माहितीये.

गंमत म्हणजे पिणारे कमीच आहेत. २०१९-२१ चा सरकारचा जो राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वे झाला त्यात देशातले पंधरा वर्षांवरचे १८.८ टक्के पुरुष पितात असं आलं होतं, बायका १.३ टक्के. म्हणजे शंभरातले ऐंशीच्या वर पुरुष पीत नाहीत. पण त्या गार्डनमध्ये बसून बघा, तुम्हाला वाटेल न पिणारा आपण एकटेच, आणि काहीतरी कारण तयार ठेवलं पाहिजे.

टीव्ही. दोन मोठे स्क्रीन, क्रिकेट चालू होतं. मध्ये मध्ये जाहिराती, सोडा, म्युझिक सीडी, पाणी. आता दारूची जाहिरात टीव्हीवर करायला २००० सालापासून बंदी आहे, म्हणून त्याच नावाचा सोडा आणि सीडी विकतात. मला सांगा तुम्ही शेवटची म्युझिक सीडी कधी विकत घेतली? भाच्याला सीडी काय असते तेच माहीत नाही, पण जाहिरातीतलं नाव आणि त्यामागचं म्युझिक पाठ आहे. तो आरसीबीचा टीशर्ट घालून आला होता, तर नवऱ्याने त्याला सांगितलं की तुझ्या टीमचं "रॉयल चॅलेंजर्स" हे नाव व्हिस्कीच्या ब्रँडवरून आलंय. पोरगं आधी खोटं म्हणालं मग फोनवर शोधलं मग गप्प. मग म्हणतो, "असू दे, कोहली तर नाही ना पीत." वहिनीने कपाळाला हात लावला.

आता एक गोष्ट सांगते, या हॉटेलची मला दुसरी बाजू पण माहितीये. २०१६ च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने हायवेपासून ५०० मीटरच्या आत दारू विकायची नाही असा निकाल दिला होता, तो १ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि या रोडवरचे बार सगळे बंद. नंतर महापालिका-नगरपालिकांच्या हद्दीतल्यांना सूट मिळाली तसे परत उघडले. पण मधले तीन-चार महिने हे हॉटेल नुसतं जेवणाचं होतं. आईची साठी आम्ही तेव्हा इथेच केली होती. मला आठवतंय, परमिट रूमवर पांढरा कागद चिकटवला होता, मेनूकार्ड चार पानांचं, पहिल्या पानावर थाळी, टेबलावर स्टीलचे पेले, वेटर आल्या आल्या विचारायचा "जेवायला काय आणू?" लॉनवर पोरं पळत होती, आठ वाजता सुद्धा बायकांची टेबलं भरलेली. झाडं तीच, आचारी पण तोच म्हणे. मालक मात्र रडकुंडीला आला होता, धंदा अर्ध्यावर आलेला, ते पण खरंच आहे, त्याच्या जागी मी असते तर मी पण हद्दीचा नकाशा काढून बसले असते.

आणि हे पण खरंय की त्याच साठीच्या कार्यक्रमाला दादा पार्किंगमध्ये गाडीत बसून क्वार्टर संपवून आत आला होता. केक कापताना आईच्या खांद्यावर त्याचा हात होता तो आधारासाठी होता हे फोटोत दिसतं. म्हणजे ग्लास उचलले, कार्ड बदललं म्हणून पिणारा थांबला असं काही झालं नाही, मी तसं म्हणत पण नाहीये. पण त्या दिवशी माझ्या मांडीवर जे पोरगं होतं त्याला कोणी छोटे सर तुमचा पेग म्हणालं नाही, एवढं नक्की.

सर्विसचं सांगायचं राहिलं. त्या "बियर तरी" वाल्या पोराची ड्युटी बदलली की काय माहीत नाही, थोड्या वेळाने दुसरे एक वेटर आले, पन्नाशीचे, चंद्रपूरकडचे. त्यांनी एका नजरेत ओळखलं काय ते. काही न बोलता उलटे ग्लास उचलून नेले आणि स्टीलचे पेले आणून ठेवले, पाण्याचा जग ठेवला. भाकरी आणताना दादाशी बोलायला लागले. चंद्रपूरला २०१५ ते २०२१ दारूबंदी होती ना, शेजारच्या गडचिरोलीत तर १९९३ पासून आहे, तर मी विचारलं काका खरंच बंद होती का हो? ते म्हणाले, "कायची बंद मॅडम, भेटे ना. पण चोरून घ्या लागे, इचारा लागे कोणाले तरी. आता त बोर्डच बलावते." मग म्हणाले बंदी होती तेव्हा माझा पोरगा सातवीत होता, आता तो कॉलेजला आहे. पुढे काही बोलले नाहीत, दुसऱ्या टेबलाने हाक मारली.

वॉशरूम स्वच्छ, पण जायच्या वाटेवर सेल्फी पॉईंट केलाय, निऑनमध्ये दारूवरची शायरी, खाली लाकडी पिंप आणि बाटल्यांचे पंख, मध्ये उभं राहून फोटो काढायचा. लहान मुली रांग लावून काढत होत्या, पंख आहेत ना, परीसारखे. मद्यपान करून वाहन चालवू नये हा बोर्ड पण आहे हो, आहे, मनीप्लांटच्या मागे. पार्किंगमध्ये मी सहज मोजल्या, पन्नासच्या वर गाड्या, सगळ्या हायवेवर निघणार. पहिल्यांदा पकडलं तर दहा हजारापर्यंत दंड आहे आणि रक्तात १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, हे नवऱ्याने मला सांगितलं, मग स्वतःच म्हणाला आज मी घेतली नाही ते बरं झालं. त्याने का घेतली नाही हे मी विचारलं नाही. दादासमोर तो कधीच घेत नाही, आणि दादाने त्याला कधी तसं सांगितलेलं नाही.

बिल दोन येतात अशा ठिकाणी, जेवणाचं जीएसटीवालं वेगळं आणि बारचं व्हॅटवालं वेगळं. आमचं एकच आलं. काउंटरवरच्या माणसाने कॉम्प्युटरकडे बघून दोनदा विचारलं, "बारचं काहीच नाही?" नाही म्हटलं. सात जणांचे साधारण तीन हजार झाले, मटणाच्या मानाने ठीकच. बडीशेप ताजी होती.

मालकाला नवऱ्याने व्हॉट्सॅपवर लिहिलंय की ग्लास आधीपासून मांडू नकोस, मागेल त्याला दे, आणि थाळीचं पान पुढे घे. निळ्या टिक्स आल्यात, उत्तर नाही.

घरी आल्यावर मुलाने कोकम सरबत करून मागितलं, स्टीलच्या ग्लासात दिलं तर म्हणाला काचेचा दे. दिला. मग तो ग्लास घेऊन माझ्याकडे आला, मी आपटेन म्हणून हात पुढे करून उभा राहिला.

तर स्टार. जेवणाला साडेचार, चंद्रपूरच्या काकांना पाच, बाकीचं तुम्ही ठरवा. शनिवार-रविवारी जाणार असाल तर आधी फोन करून टेबल सांगा, पार्किंग भरपूर आहे, पावसाळ्यात लॉनवर डास असतात ओडोमॉस न्या. सोबत पोरं असतील किंवा दादासारखं कोणी असेल तर आत शिरल्यावर डावीकडची, किचनच्या बाजूची टेबलं मागा. तिथे जरा धूर येतो, पण तिथून टीव्ही दिसत नाही आणि भाकरी सगळ्यात आधी येते.